आधी काळोख, मग रेणू

जैवभौतिकीच्या संशोधनासाठी मी पुण्यातील एका संस्थेत दाखल झाले, तेव्हा माझ्या वाट्याला आलेले काम एका वाक्यात सांगण्यासारखे होते. डीएनएचा एक रेणू काचेच्या पृष्ठभागावर बसवायचा, त्याला चमकणारी दोन रंजके जोडायची आणि तो आकार बदलत असताना त्याच्यावर नजर ठेवायची, एवढेच ते काम. ते प्रत्यक्षात जमायला वर्षाचा बराच मोठा भाग गेला आणि त्यातील बहुतेक वेळ रेणूंपेक्षा काच, आम्ल, पाणी आणि धूळ यांनीच घेतला. कोणीही हे तंत्र शिकू लागले की तक्रार याच स्वरूपाची असते, असे ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवले होते.

एकच रेणू कशासाठी, असा प्रश्न मला प्रयोगशाळेबाहेर नेहमी विचारला जातो. मी ज्या रचनेवर काम शिकले तिचेच उदाहरण याचे उत्तर द्यायला पुरेसे आहे. डीएनएच्या दोन जोडसाखळ्या परस्परांशी धाग्यांची अदलाबदल करतात तेव्हा मध्ये चौफुलीसारखी एक रचना तयार होते. रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये तिची कल्पना मांडली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. मॅग्नेशियमच्या सान्निध्यात या चौफुलीचे चार हात दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकांवर रचले जातात. अशी रचना दोन प्रकारे होऊ शकते आणि प्रत्येक रेणू या दोन प्रकारांमध्ये सतत ये-जा करीत असतो. परीक्षानळीत असे अब्जावधी रेणू एकत्र असतात व त्यांतील प्रत्येक जण आपापल्या वेळी उडी मारतो. त्यामुळे त्यांच्या एकत्रित प्रकाशाचे मापन केले तर एक स्थिर, मधलीच संख्या मिळते. त्या मधल्या संख्येची कोणतीही रचना अस्तित्वात नसते. सरासरी येथे केवळ अपुरी ठरत नाही, ती दिशाभूल करते.

एका रेणूपर्यंत पोचण्याचे प्रयत्न जुने आहेत. बोरिस रोटमन यांनी १९६१ मध्ये बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या विकराचे एकेक रेणू अतिसूक्ष्म थेंबांत अडकवले आणि त्यांनी तयार केलेल्या चमकणाऱ्या पदार्थावरून त्यांचे अस्तित्व ओळखले. रक्तातील प्रथिने मोजण्यासाठी डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने २०१० मध्ये मांडलेली पद्धत याच विचाराचे आधुनिक रूप आहे. तिच्यात फेम्टोलिटरांमध्ये मोजल्या जाणाऱ्या हजारो अतिसूक्ष्म खळग्यांपैकी किती उजळले, एवढेच मोजायचे असते. मात्र या पद्धतींत प्रकाश देणारा पदार्थ विकराने हजारोंच्या संख्येने तयार केलेला असतो. रेणू स्वतः दिसत नाही, त्याचे कर्तृत्व दिसते. एकाच रेणूच्या स्वतःच्या प्रकाशीय खुणेपर्यंत प्रथम पोचले ते डब्ल्यू. ई. मोर्नर आणि लोथार काडोर. कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये त्यांनी स्फटिकात अडकलेल्या पेंटासीनच्या एका रेणूने केलेले प्रकाशशोषण नोंदवले, तेही द्रवरूप हेलियमच्या तापमानाला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल ओरी आणि जॅकी बर्नार यांनी तीच खूण प्रतिदीप्तीतून, म्हणजे रेणूने शोषून परत दिलेल्या प्रकाशातून, मिळवली. पाण्यात, सामान्य तापमानाला, काचेवर बसलेले एकेक रंजक कॅमेऱ्याने टिपण्याचे काम १९९५ मध्ये जपानमधील तोशिओ यानागिदा यांच्या गटाने केले. आमच्या टेबलावरील यंत्र तत्त्वतः त्याच वंशातले आहे.

हे यंत्र दिसायला फारसे प्रभावी नाही. हिरव्या लेसरचा ५३२ नॅनोमीटरचा किरण एका लोलकातून क्वार्ट्झच्या स्लाइडमध्ये तिरकस शिरतो. क्वार्ट्झ आणि पाणी यांच्या सीमेवर तो सुमारे ६६ अंशांपेक्षा जास्त कोनात पडला की त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि तो पाण्यात शिरतच नाही. शिरते ते सीमेला चिकटून असलेले क्षीण प्रकाशक्षेत्र, आणि तेही शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या आतच मावळते. त्यामुळे पृष्ठभागावर बसवलेले रेणू उजळतात आणि त्यांच्याखालच्या पाण्यात तरंगणारे बहुतेक रेणू अंधारातच राहतात. रेणूंनी दिलेला प्रकाश कव्हरस्लिपच्या, म्हणजे समोरच्या पातळ काचेच्या, बाजूने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात येतो, एका निवडक आरशावर हिरवट आणि लाल असा विभागला जातो, आणि दोन्ही प्रतिमा एकाच कॅमेऱ्याच्या दोन अर्ध्या भागांवर शेजारी शेजारी पडतात. कॅमेऱ्याचा संवेदक शून्याखाली साठ-सत्तर अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो, एरवी त्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे निर्माण होणारे इलेक्ट्रॉनच खऱ्या संकेतात मिसळतात.

दोन प्रतिमा कशासाठी, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चौफुलीच्या एका हाताला साय-३ आणि दुसऱ्या हाताला साय-५ ही रंजके जोडलेली असतात. लेसर फक्त साय-३ ला उत्तेजित करतो. पण साय-५ पुरेसे जवळ असेल तर ती ऊर्जा प्रकाशकण न होता थेट त्याच्याकडे जाते आणि लाल प्रकाश मिळतो. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार हे हस्तांतर अंतराच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. या जोडीसाठी साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास ते निम्मे होते आणि अंतर त्याच्या दीडपट झाले की आठ टक्क्यांवर येते. लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉग्लंड यांनी १९६७ मध्येच या गुणधर्माचा रेणूंच्या मापाची पट्टी म्हणून उपयोग करून दाखवला होता. एकाच जोडीवर तो पाहण्याचे श्रेय १९९६ मध्ये तेकजिप हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले. हिरवा कमी होऊन लाल वाढला तर हात जवळ आले आणि उलट झाले तर लांब गेले, असा हा हिशेब आहे. प्रयोगशाळेत सगळे याला फ्रेट म्हणतात.

आता काळोखाविषयी. ज्यांच्याकडून मी हे काम शिकले ते ज्येष्ठ सहकारी पहिल्या आठवड्यात मला म्हणाले होते, "तू मला आधी काळोख दाखव, रेणू नंतर दाखव." सुरुवातीला मला तो केवळ दरारा वाटला. नंतर हिशेब करून पाहिला तेव्हा त्यातील शहाणपण लक्षात आले. एका रंजकाकडून कॅमेऱ्याच्या एका चौकटीत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, काही शंभर प्रकाशकण हाती लागतात. त्याच ठिपक्यावर पार्श्वभूमीचे दहा हजार कण पडत असतील, तर त्या दहा हजारांमध्ये आपोआप शंभरएक कणांचा चढउतार होत राहतो, कारण प्रकाशकणांच्या संख्येतील अनिश्चितता तिच्या वर्गमुळाएवढी असते. म्हणजे पार्श्वभूमी एकसारखी असली तरी वजा करून ती जात नाही. तिची थरथर मागे उरतेच. लेसरची तीव्रता वाढवली तर रेणूबरोबर पार्श्वभूमीही वाढते आणि शिवाय रंजक लवकर विझते. उजेड वाढवून हा प्रश्न सुटत नसल्याने करण्यासारखे एकच उरते : नको असलेल्या प्रकाशाचा प्रत्येक उगम शोधून बंद करणे.

त्यांतील काही उगम सोपे होते. खोलीतील प्रत्येक उपकरणाच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळी टेप लावली, टेबलाभोवती काळे पडदे आले, भिंगाखालच्या गाळण्या लेसरचा प्रकाश दहा लाख पटींनी कमी करतात की नाही हे तपासले. पाणी स्वतः मात्र बंद करता येत नाही. एका ठिपक्याएवढ्या उजळलेल्या जागेत, म्हणजे अडीचशे नॅनोमीटर लांब-रुंद आणि शंभर नॅनोमीटर खोल अशा भागात, सुमारे वीस कोटी पाण्याचे रेणू असतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवलेल्या विकिरणाने ते ५३२ नॅनोमीटरचा थोडासा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या आसपास फेकतात आणि तो नेमका साय-५ च्या खिडकीच्या तोंडाशी येतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आम्ही ज्या शोधाचा गौरव करतो तोच इतर दिवशी आमच्या मार्गात येतो, हा विनोद आमच्याकडे जुना झाला आहे. त्यावर उपाय म्हणजे गाळणीचा पट्टा काळजीपूर्वक निवडणे आणि उजळलेली खोली शक्य तितकी उथळ ठेवणे.

खरा झगडा काचेशी होता. क्वार्ट्झची स्लाइड महाग असल्याने ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. आधी पाण्यात उकळून जुना इपॉक्सी, म्हणजे चिकटवण्याचा डिंक, सैल करायचा, पात्याने खरवडायचा, साबणाने घासायची, मग अॅसिटोनमध्ये, त्यानंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात, ठेवायची, प्रत्येक पायरीनंतर भरपूर शुद्ध पाण्याने धुवायची आणि शेवटी पिरान्हा, म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात बुडवायची. हे मिश्रण कोणतेही सेंद्रिय अवशेष जाळून टाकते आणि म्हणूनच अॅसिटोनचा अंशही त्याच्याजवळ येता कामा नये, एरवी स्फोट होऊ शकतो. पेरॉक्साइड आम्लात हळूहळू घालायचे, उलट कधीही नाही, आणि वापरलेले मिश्रण झाकण घट्ट लावून साठवायचे नाही. या सूचना फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेल्या आहेत आणि त्या पाठ असल्या तरी दर वेळी वाचायच्या, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

एवढी टोकाची स्वच्छता कशासाठी, हेही आकड्यांनीच पटते. आम्ही नमुन्याचे जे द्रावण चेंबरमध्ये, म्हणजे स्लाइड आणि कव्हरस्लिप यांच्यामधल्या पोकळीत, सोडतो ते पन्नास पिकोमोलर इतके विरळ असते. तरी त्याच्या शंभर मायक्रोलिटरमध्ये डीएनएचे सुमारे तीनशे कोटी रेणू असतात आणि त्यांतील अगदी थोडेच आम्हाला हवे असतात. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, तयार करताना वापरलेल्या मिठाच्या बाटलीवर ९९.९ टक्के शुद्ध असे लिहिलेले असते. उरलेल्या ०.१ टक्क्यात चमकणारे काही असले, तर ते आमच्या नमुन्याच्या कितीतरी पट ठरते. एकाच कंपनीचे तेच रसायन वेगवेगळ्या वेळी मागवले तर एका खेपेतील बाटली काळी आणि दुसऱ्या खेपेतील ठिपक्यांनी भरलेली निघते, म्हणून चांगली बाटली सापडली की तिच्यावर तसे लिहून ती कुलपात ठेवली जाते.

स्वच्छ काच रेणूंना फार आवडते. प्रथिने आणि रंजके तिला हवी तशी चिकटतात. म्हणून तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचा दाट थर उगवावा लागतो. आधी अमिनोसिलेन या काचेला धरणाऱ्या रसायनाची प्रक्रिया, मग पॉलिमरचे ताजे द्रावण. पॉलिमरच्या टोकाचा क्रियाशील गट पाण्यात काही मिनिटांत निकामी होऊ लागतो, म्हणून पावडर विरघळवली की फोन वाजला तरी घ्यायचा नाही. शंभरातील एक-दोन साखळ्यांच्या टोकाला बायोटिन हे जीवनसत्त्व असते. त्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन बसते आणि त्यावर बायोटिन जोडलेले डीएनए. बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची पकड निसर्गातील सर्वांत घट्ट असहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून न घेता जुळणाऱ्या) बंधांपैकी एक असल्याने रेणू दिवसभर जागचा हलत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात या पायरीला विशेष त्रास होतो. सिलेनला हवेतील ओलावा चालत नाही. काचेवर पोचण्याआधीच त्याचे रेणू एकमेकांशी जुळून गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली धुरकट डागांसारख्या दिसतात. जुलैमध्ये केलेल्या स्लाइडी आणि जानेवारीतल्या स्लाइडी यांत आम्हाला उघड फरक दिसतो. त्यामुळे वर्षभराचा साठा कोरड्या हवेच्या महिन्यांत करून, नायट्रोजन भरलेल्या नळ्यांमध्ये उणे वीस अंशांवर ठेवण्याची पद्धत येथे रूढ झाली आहे. परदेशातील कार्यपद्धतींच्या पानांवर ऋतूंचा उल्लेख नसतो, आमच्या वहीत तो पहिल्या ओळीत असतो.

नमुना न सोडलेला, नुसता बफर भरलेला चेंबर जेव्हा पडद्यावर जवळजवळ पूर्ण काळा आला, तेव्हा मला पुढे जाण्याची परवानगी मिळाली. त्यानंतरही दुसरी कसोटी होती : स्ट्रेप्टाव्हिडिन न घालता डीएनए सोडायचे. तेव्हाही ठिपके उगवले तर ते आपल्या मर्जीने चिकटलेले रेणू असतात आणि पृष्ठभाग बाद ठरतो. या दोन्ही कसोट्या पार झाल्यावर खरा नमुना सोडला आणि काही क्षणांत दृष्टिक्षेत्रात तीनेकशे ठिपके आले. आनंद झाला हे खरे. पण ठिपका दिसणे आणि तो एकच रेणू असणे यांत अंतर आहे. रंजक जेमतेम नॅनोमीटरभर असते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे त्याचा ठिपका अडीचशे नॅनोमीटरचा दिसतो, त्यामुळे त्याच्या पोटात दोन रेणू शेजारी बसलेले असले तरी डोळ्यांना कळत नाही. एक असल्याचा पुरावा रेणू देतो तो विझताना. अनेक रेणूंचा समूह हळूहळू फिका होत जातो. एकटे रंजक एका चौकटीत पूर्ण तेजाने असते आणि पुढच्या चौकटीत शून्यावर येते. फ्रेटमध्ये हे आणखी स्पष्ट असते, कारण साय-५ आधी विझले तर त्याच क्षणी साय-३ उजळते आणि मग तेही एका पायरीत नाहीसे होते. ज्या आलेखात अशा पायऱ्या नाहीत तो आलेख कितीही देखणा असला तरी आम्ही मोजत नाही.

रंजक लवकर विझू नये यासाठी द्रावणातील प्राणवायू काढावा लागतो. ग्लुकोज ऑक्सिडेझ आणि कॅटालेझ ही विकरांची जोडी ते काम करते. मात्र त्यात ग्लुकोनिक आम्ल तयार होत राहिल्याने द्रावण कालांतराने आम्लधर्मी होते आणि जुन्या चेंबरमधील मापनांवर विश्वास ठेवता येत नाही. प्राणवायू काढला की रंजके वेगळाच त्रास देतात. ती मध्येच डोळे मिटल्यासारखी लुकलुकू लागतात. त्यावर ट्रोलॉक्स हे ई जीवनसत्त्वाशी साधर्म्य असलेले रसायन घालतात. ताजे ट्रोलॉक्स नीट काम करीत नाही, ते दिवसभर उजेडात ठेवून वापरायचे, असे मला तोंडी सांगण्यात आले होते आणि मी ते प्रयोगशाळेतील अंधश्रद्धांच्या यादीत टाकले होते. प्रत्यक्षात त्यामागे रसायनशास्त्र आहे. ट्रोलॉक्सचा काही भाग ऑक्सिडीकरणाने क्विनोनमध्ये बदलतो आणि लुकलुक थांबवण्यासाठी ही दोन्ही रूपे एकत्र लागतात, हे २००९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले.

पन्नास मिलिमोलर मॅग्नेशियमच्या बफरमध्ये चौफुलीच्या उड्या सावकाश होतात आणि तेव्हाच त्या कॅमेऱ्याला स्वच्छ दिसतात. हिरवी व लाल रेषा एकमेकींच्या उलट वर-खाली होत राहते, मधल्या संख्येवर कोणीही थांबत नाही. मॅग्नेशियम कमी केले की उड्यांचा वेग वाढतो. शेवटी तो कॅमेऱ्याच्या चौकटीपेक्षा जलद होतो आणि दोन पातळ्या वितळून पुन्हा तीच फसवी सरासरी उरते. रेणू बदललेला नसतो, आपली नजर कमी पडलेली असते. हा फरक प्रत्यक्ष आलेखांवर पाहिल्यापासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकच शिखर दिसले की मी प्रथम कॅमेऱ्याची गती शोधते.

या तंत्रातील सर्वांत नाजूक पायरी माझ्या मते प्रकाशाची नाहीच, निवडीची आहे. शेकडो ठिपक्यांतून कोणते आलेख ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे माणूस ठरवतो, आणि आपल्याला हवी असलेली वागणूक दाखवणारे रेणू डोळ्यांना अधिक चांगले वाटतात. म्हणून आम्ही निकष आधी लिहून काढतो : दोन्ही रंजके उपस्थित असल्याचा पुरावा, एकेका पायरीत विझणे, एकूण प्रकाश स्थिर असणे, लुकलुक नसणे. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक देऊन दुसऱ्याकडून निवड करून घेतली जाते. मोजमापाच्या बाबतीत या क्षेत्राने स्वतःची परीक्षाही घेतली आहे. २०१८ मध्ये वीस प्रयोगशाळांनी डीएनएचे तेच नमुने आपापल्या यंत्रांवर मोजले आणि फ्रेटच्या मूल्यांतील अनिश्चितता ०.०२ ते ०.०५ यांच्या दरम्यानच निघाली. एवढ्या कमी संकेतावर चालणाऱ्या तंत्रासाठी ही एकवाक्यता मला थक्क करणारी वाटते.

चौफुली हा सरावाचा नमुना होता. माझा खरा विषय डीएनएची जोडसाखळी उलगडणारे एक प्रथिन आहे आणि प्रथिने डीएनएपेक्षा पृष्ठभागाला कितीतरी अधिक चिकटतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या थराने चौफुलीसाठी दिलेला काळोख या प्रथिनाला पुरेना. रंजक जोडलेले प्रथिन सोडताच नियंत्रण-चेंबरही ठिपक्यांनी भरू लागला. त्यामुळे सध्या मी पाणी न धरणाऱ्या सिलेनचा थर देऊन त्यावर ट्वीन-२० हे साबणासारखे रसायन बसवण्याची दुसरी पद्धत वापरून पाहत आहे. तिच्यात चिकटणे बरेच कमी आहे, तयारीला वेळही कमी लागतो, पण वीस अंशांवर आणि सदतीस अंशांवर तिचे वागणे सारखे आहे का, याची नियंत्रणे पूर्ण झाल्याशिवाय प्रथिनाचा एकही आलेख मोजायचा नाही असे मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी आणि मी ठरवले आहे.